उस्मान तांडेलाची ताकीद

बातमी आली तेव्हा मी घंगाळाच्या बुडावर ठोके घालत होतो. आमच्या तांबट आळीत कुणाला निरोप सांगायचा तर समोर येऊन उभं राहावं लागतं. हाका मारून उपयोग नाही, ठोकून ठोकून निम्मी आळी बहिरी झालेली. कोकणीपुऱ्यातून उस्मानचा मेहुणा आला आणि त्यानं सरळ माझा हातोडीचा हातच धरला. मी उखडलो. म्हटलं, "अरे, बोट चेचलं असतं ना माझं!" त्यानं हात सोडला नाही. मग म्हणाला, "विठ्ठलभाऊ, मुंबईहून तार आलीय. उस्मानभाई जहाजावरून पाण्यात पडले… संपलं सगळं." मी म्हटलं, "खोटं आहे." आणि खरं सांगतो, तो गेल्यावर मी पुन्हा हातोडी उचलून काम करायला लागलो. ते ठोके कुठे पडत होते कुणास ठाऊक. बायकोनं येऊन हातोडी काढून घेतली तेव्हा मी थांबलो.

परवा त्याचा चाळिसावा झाला. दफन मुंबईलाच केलं. तेव्हा इथे कोकणीपुऱ्याच्या मशिदीत मय्यत समोर नसताना नमाज झाली आणि आम्ही दोस्तमंडळी बाहेर चपलांपाशी उभे राहिलो. वर्तमानपत्राच्या या पुरवणीचे संपादक माझे गिऱ्हाईक आहेत. ते म्हणाले, "तुम्ही सांगा, आमचा माणूस लिहून घेईल." मी म्हटलं, नको. तुमचा माणूस त्याला शूर करून टाकील, समुद्राचा सिंह वगैरे काहीतरी. उस्मान सिंह नव्हता. त्याला पाण्याची भीती वाटायची. तेव्हा मीच लिहितो, भाषा तांबटाची आहे, वाकडीतिकडी असली तरी चालवून घ्या. जहाजाचं नाव मात्र लिहायचं नाही अशी सरकारी तंबी आहे. नका लिहू देऊ, मला ते नाव तोंडातसुद्धा घ्यायचं नाही.

उस्मान आणि मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत एका बाकावर बसलो आणि एकाच छडीखाली वाढलो. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आणि गंगेवरची पोरं चालायच्या आधी पोहतात. उस्मानचं तसं नव्हतं. त्याचा थोरला भाऊ डोहात बुडून गेलेला. तेव्हापासून आईनं याला पाण्यात पाय म्हणून घालू दिला नाही. आम्ही तासन्‌तास डुंबायचो आणि हा पायरीवर बसून आमचे कपडे राखायचा. कुणाचा सदरा वाऱ्यानं उडाला तर धावायचा, पण पाण्याच्या कडेला आला की थांबायचा. आणि असला हा माणूस पुढे कोकणातल्या मामाच्या ओळखीनं सरकारी आरमारात गेला! आम्हाला हसू आवरेना. सुट्टीवर आला की मी विचारायचो, "काय रे, आता तरी पोहतोस की अजून कपडेच राखतोस?" तो शांतपणे विडी पेटवायचा आणि म्हणायचा, "विठ्या, जहाजावर पोहायचं नसतं. जहाज बुडू द्यायचं नसतं." त्या काळी भरतीच्या वेळी पोहण्याचं कुणी विचारलंच नाही म्हणे. दोरावरचा हात, नजर आणि आवाज एवढंच बघितलं, आणि हे तिन्ही त्याच्याकडे भरपूर होतं. खलाशी होता होता तो तांडेल झाला, म्हणजे खलाशांचा मुकादम. नवी माणसं आली की त्याच्या हवाली करायची.

चार वर्षांपूर्वी पेन्शन घेऊन तो घरी आला. आता कुठे आमचं जमलं होतं. संध्याकाळी माझं दुकान बंद झालं की तो यायचा, आम्ही पुलापर्यंत चालत जायचो, येताना चहा. त्याची बायको, झैनबभाभी, म्हणायच्या, "निम्मं आयुष्य समुद्रानं खाल्लं, उरलेलं विठ्ठलभाऊंनी." मी म्हणायचो, "भाभी, मी निदान संध्याकाळी परत तरी पाठवतो." बरे दिवस होते ते. नजर लागली म्हणायची, दुसरं काय.

या एकोणचाळीसच्या सप्टेंबरात लढाई जाहीर झाली. लढाई साहेबांची, आम्हाला कुणी विचारलं नाही, विचारणारही नव्हते. पण आठ दिवसांत उस्मानला बोलावणं आलं. जुन्या तांडेलांना परत गोळा करत होते. का, तर जहाजं वाढवायची होती आणि माणसं नव्हती. मुंबईला जाऊन दोन दिवसांत परत आला तो उतरलेल्या चेहऱ्यानंच. म्हणाला, "विठ्या, तमाशा चाललाय तिथे. माल वाहणारी जहाजं धरून आणतात, पुढं एक तोफ ठोकतात, मागं समुद्रातले सुरुंग ओढून काढायची तार बसवतात, झालं लढाईचं जहाज! रंग ओला असतानाच विचारतात, खलाशी कुठायत? आम्हाला शिकायला वर्ष लागायचं रे. दोर, शिडी, वल्हं, निशाणं, तोफ. आता म्हणतात महिन्यात तयार करून द्या. आणि माणसंही तूच आण. महिन्यात मी काय काय शिकवू? निदान पाण्याची भीती घालवण्यात तरी दिवस जायला नकोत."

त्या आठवड्यात गंगेला पूर होता. पूर आला की आमच्याकडची जवान माणसं पुलावरून उड्या टाकतात, हे नाशिककरांना सांगायला नको. कठड्यावर उभं राहायचं, गंगामाईचा जयजयकार करायचा, दोन्ही हात सरळ डोक्यावर न्यायचे, पाय जुळवायचे आणि काठीसारखं उभंच्या उभं गढूळ पाण्यात जायचं. हात वर हवेत. हात अंगाशी राहिले तर काठावरचे लोक हुर्यो करतात. उस्मान आणि मी काठावर उभे होतो. तो एकटक बघत होता. "तो कोण रे?" मी म्हटलं, "केशव. भाजीवाल्या पार्वताबाईचा." "आणि त्याच्या मागचा?" "रघू, गंगापूरचा. त्याच्या नादी लागू नकोस, लग्न ठरतंय त्याचं." "मग तर नोकरी हवीच त्याला," उस्मान म्हणाला आणि हसला. लढाई सुरू झाल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना बघत होतो. पाण्याला न भिणारी माणसं समोर ओळीनं उड्या टाकत होती आणि हा, ज्याला गुडघाभर पाण्यात घेरी यायची, त्यांच्याकडे डोळे भरून बघत होता. दहा-बारा जण त्यानं तिथेच निवडले. सगळ्यांत सुंदर उडी केशवची होती, म्हणून सगळ्यांत आधी केशव.

ऑक्टोबरात मी तांब्याच्या पत्र्यासाठी मुंबईला गेलो तेव्हा त्याला भेटायला गेलो. गोदीजवळच्या एका मैदानावर हे लोक होते. शिकवायला जहाज मोकळं नव्हतं, म्हणून उस्माननं जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं अख्खं जहाज आखलं होतं. हा पुढचा भाग, हा मागचा, इथे तोफ, इथे शिडी. तोफेच्या जागी लाकडाचा ओंडका. आमचे नाशिककर त्या फक्कीच्या जहाजावर धावत होते, ओंडक्यात खोटे गोळे भरत होते, नसलेल्या कठड्यावरून वाकून बघत होते. मी आपला सरळ मैदानातून चालत गेलो तर उस्मान कडाडला, "विठ्या, पाण्यात आहेस तू! बुडशील! शिडीकडून ये!" सगळे खदाखदा हसले. केशव ओरडला, "काका, हात द्या, वर ओढतो!" आणि त्यानं खरंच फक्कीच्या रेघेवरून हात पुढं केला. मीही मूर्खासारखं तो हात धरून रेघ ओलांडली.

जेवताना उस्मान म्हणाला, "सगळी पोरं हुशार आहेत, पण मातीवर शिकलेलं लाटेवर राहत नाही. मी साहेबाकडे खऱ्या जहाजावर एक दिवस मागतोय. जहाज बुडताना कसं उतरायचं एवढंच दाखवायला. तेवढं नाही शिकवलं तर यांना पाठवणं पाप आहे." "मिळेल का?" "रोज दारात उभा राहतो. कंटाळून देईल." आणि खरंच, रोज उभा राहून राहून त्यानं तो एक दिवस मिळवला. किती खूश झाला असेल… मी इथे नाशकात होतो, मला कळलं ते नंतरच. त्याच दिवशी केशव गेला.

कसा गेला ते उस्माननंच माझ्या दुकानात बसून सांगितलं. धंदा बंद करून मी दार लोटून घेतलं होतं. प्रत्येकाच्या अंगात बुचाचं जाकीट बांधलेलं. ते असलं की माणूस पाण्यावर तरंगतो. जहाज बंदरातच उभं. एकेकानं दोराच्या शिडीवरून खाली होडीत उतरायचं होतं. शिडीवर गर्दी झाली. केशवची पाळी लांब होती, आणि खाली पाणी दिसत होतं. पुलाएवढीच उंची. तो कठड्यावर चढला, गंगामाईचा जयजयकार केला, दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले… उस्मान ओरडेपर्यंत उडी पडलीसुद्धा होती. बुचाचं जाकीट घालून उंचावरून उडी मारली तर पाण्याला टेकताक्षणी अंग खाली जातं आणि जाकीट वर राहतं. ते हातांनी छातीशी घट्ट दाबून धरलं नाही तर हनुवटीखाली असा हिसका बसतो की मान राहत नाही. आणि हात वर. नाशिकची उडी, हात वर. बरोबर दुसऱ्या गावची, पोहता न येणारी माणसं होती, ती सगळी घाबरत घाबरत शिडीवरून उतरली आणि कोरडी राहिली.

"मी ते दुपारी सांगणार होतो," उस्मान म्हणत राहिला. "आधी शिडी, मग जाकीट, असा क्रम होता रे. पूर्वी जाकिटालाच दोन दिवस द्यायचो. आता एका दिवसात सगळं… आणि मी यांना निवडलं कशासाठी? उडीसाठी! पोहता न येणारा आणला असता तर तो आज जिवंत असता." मी म्हटलं, "चल, आधी चहा घे." त्याला रोजा होता, रमजान नुकताच लागला होता. माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग म्हणाला, "तू माझ्याबरोबर चल. पार्वताबाईकडे मला एकट्याला जाववत नाही." तार तिच्याकडे आधीच पोचली होती. गंगेकाठच्या त्या खोलीत बायका बसल्या होत्या. आम्हाला बघून त्या सरकल्या. पार्वताबाई रडत नव्हती. तिनं आधी उस्मानला तांब्याभर पाणी दिलं, प्रवासातून आलेल्या माणसाला देतात तसं. मी मध्ये बोलणार होतो, पण त्यानं मला डोळ्यानं थांबवलं आणि तो ते पाणी प्यायला. नंतर मला म्हणाला की प्रवासात रोज्याला सूट असते, पुढे भरून काढीन. ते काही मला पटलं नाही. त्या बाईच्या हातचं पाणी नाकारायची त्याची हिंमत नव्हती, एवढंच.

पार्वताबाईनं विचारलं, "पान्यानं कसं काय नेलं त्याला? पानी तर त्याचंच व्हतं." उस्माननं तांब्या खाली ठेवला. त्यानं जाकिटाचं सांगायला सुरुवात केली, पण तिनं हातानंच थांबवलं. "बाकीचे कुठं हायेत?" "मुंबईला. जहाज लागलंय. पंधरवड्यात निघेल." "त्यांना लेकरासारखं परत आन. माझा गेला तो गेला. पर त्यांच्या आयांच्या दारात असा येऊन उभा राहू नको. मला सांग, आनशील का नाय?" उस्मान म्हणाला, "आणीन." एवढंच. त्यानं तिच्या पायाला हात लावला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण लहान पोरासारखा दिसत होता.

नाशिकरोडला टांग्यातून जाताना आमचं भांडण झालं. ती आमची शेवटची भेट, आणि मी भांडलो. काय करू, माझा स्वभावच तसा. त्यानं साहेबाकडे आणखी दोन आठवडे मागितले होते. साहेब म्हणाला, लढाई तांडेलासाठी थांबत नाही. साहेब म्हणाला, माणसं तयार आहेत म्हण. हा म्हणाला, नाहीत. तरी हुकूम निघालाच. तेव्हा यानं सांगितलं की मलाही त्याच जहाजावर घाला. मी भडकलो. "अरे, तू पेन्शनर! तुझं काम जमिनीवर शिकवायचं. तुला दोन हात पोहता येत नाही, तू तिथे जाऊन काय दिवे लावणार?" तो म्हणाला, "विठ्या, यांचा हात वर जातो. काही झालं की आधी हात वर जातो आणि पाय कठड्यावर. लहानपणापासूनची खोड आहे, सांगून जात नाही. रोज, उठता बसता, मागे लागून मोडावी लागेल. ते मी जमिनीवरून कसं करू?" मी म्हटलं, "कर काय करायचंय ते. मर जा!" मर जा असं आपण दिवसातून दहादा म्हणतो. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून हात हलवत होता आणि मी, अजून रागातच, नुसता उभा होतो.

यंदा दिवाळी आणि ईद लागोपाठ आल्या. दरवर्षी तो माझ्याकडे चिवडा-करंज्या खायला यायचा आणि मी त्याच्याकडे शीरखुर्मा प्यायला. यंदा झैनबभाभींनी वाटी माझ्या घरी पाठवली आणि माझ्या बायकोनं फराळाचं ताट त्यांच्याकडे. दोन्ही घरांत कुणी धड खाल्लं नाही. जहाज निघून गेलं होतं. आणि मग ईद होऊन चार-सहा दिवस झाले असतील नसतील, ती तार.

पुढचं मला रघूनं सांगितलं. गंगापूरचा रघू, चाळिसाव्यासाठी सुट्टी काढून आला होता. चेहरा पार काळवंडलेला, बोलताना नजर जमिनीवर. त्या जहाजावर उस्माननं या नाशिककरांचं जगणं मुश्कील केलं होतं म्हणे. भुसा भरलेलं एक पोतं होतं. कुणी जेवत असो, कपडे धूत असो, हा मागून येऊन ते पोतं समुद्रात टाकायचा आणि ओरडायचा, "माणूस पडला!" ज्याचा पाय कठड्याकडे वळला त्याला त्या दिवशी विडी बंद, झोप बंद. ज्याचे हात वर गेले त्याला सगळ्यांसमोर शिव्या. "उडी मारायची नाही! दोन्ही हातांनी कठडा धरा! तरंगायचं कडं टाका, होडी सोडा, शिडी घ्या! तोंड जहाजाकडे, पाठ पाण्याकडे, एकेक पायरी! उडी नाही म्हणजे नाही!" रघू म्हणाला, "काका, सुरवातीला आम्हाला लय राग यायचा. आम्ही पान्यातली मानसं, आन हा आम्हाला शिडी शिकवतोय. मग सवयच लागली. पोतं पडलं का हात आपसूक कठड्यावर. एकदा मी इचारलं, चाचा, तुमीच पडलात तर? तर म्हनले, तरी उडी नाय. कुनी शहाणपना केला तर वर येऊन थोबाड फोडीन."

इथे मी रघूला पाणी दिलं. बाहेर आळीत ठोके चालले होते, मी जाऊन शेजाऱ्यांना जरा थांबायला सांगितलं. आमच्या आळीत असं कुणी कुणासाठी थांबत नाही. त्या दिवशी थांबले.

सकाळची वेळ होती. समुद्र जरा चढलेला. होडी बाहेर काढून खाली सोडायचा सराव चालला होता. दोरावर दोन नवी माणसं होती, कुठल्या दुसऱ्या जहाजावरून आदल्या दिवशीच भरलेली. त्यांच्यातल्या एकाला जाकीट मिळालंच नव्हतं. माणसं घाईनं भरली, जाकिटं मागाहून येणार होती. उस्माननं स्वतःचं काढून त्याच्या अंगात बांधलं. मग दोर त्या माणसाच्या हातून सुटला. होडीचं एक टोक धाडकन खाली गेलं, दुसरं टोक वरच अडकून राहिलं आणि अख्खी होडी झोके घेत फिरली. उस्मान दोर धरायला धावला होता. होडीचा फटका बसला आणि तो कठड्यावरून बाहेर गेला. कुणीतरी ओरडलं, "माणूस पडला!"

"काका, आमी सगळे तिथंच व्हतो," रघू म्हणाला. "सगळे नाशिकचे. चाचा वर आले, हात मारत व्हते, पोरगं मारतं तसे, नुसते थपाथपा. मी कडं टाकलं. त्यांच्यापासून हातभर लांब पडलं. हातभर, काका. पन त्यांना तेवढं पोहता येत नव्हतं. होडी अडकलेली. जहाज पुढं सरकतंय. मला दिसत व्हतं, चार हात मारले का मी पोचतो. गंगेला पूर असताना मी म्हशी काढल्यात बाहेर… आन माझे हात कठड्यावरून सुटंनात. बाजूला बघितलं तर समद्यांचेच हात कठड्यावर. समदे उभे. मग आमी शिडीकडं गेलो. तोंड जहाजाकडं, पाठ पान्याकडं, एकेक पायरी… शिकवलं तसं. खाली पोचलो तवर…" मागून येणाऱ्या जहाजाच्या होडीनं त्याला वर काढलं. तेव्हा काही उरलं नव्हतं.

रघूनं मला विचारलं, "काका, आमी त्यांचं ऐकलं ते बरोबर केलं का?" मी पत्रा ठोकणारा माणूस, मला असले प्रश्न का विचारता? ऐकलं नसतं आणि जाकीट अंगात असताना रघूनं उडी टाकली असती, हात वर करून, तर त्याच्या होणाऱ्या बायकोच्या दारात कोण उभं राहिलं असतं? पण जाकीट काढून टाकलं असतं तर? दोन गाठी सोडायला किती वेळ लागतो? रात्रंदिवस हेच डोक्यात चाललंय. मी रघूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "जेवून जा."

चाळिसाव्याला उस्माननं पुलावर निवडलेले ते सगळे कोकणीपुऱ्यात आले. सगळे म्हणजे खरंच सगळे; केशव सोडून एकही कमी नव्हता. गल्लीत ओळीनं उभे राहिले, आत जायचं धाडस कुणाला होईना. पार्वताबाई आधीच येऊन झैनबभाभींच्या शेजारी बसली होती. तिनं दारातून एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं आणि पदर तोंडाला लावला. मग झैनबभाभी पडद्याआडून बोलल्या. आवाज अगदी साधा, स्वयंपाकाचं विचारावं तसा. "तुमच्यातल्या कुणी उडी मारली का?" रघू म्हणाला, "नाय, चाची." मग त्या म्हणाल्या, "बरं केलंत. त्यांना फार काळजी लागली होती त्याची." आणि मग त्यांचा बांध फुटला. तसं रडणं मी आजवर ऐकलं नव्हतं, आणि मी निम्मा बहिरा आहे.

ते सगळे आता परत जहाजावर गेलेत. आणखी जहाजं निघतायत, आणखी माणसं भरतायत. आता हेच आमचे रघू-बिघू नव्यांना शिकवतात म्हणे, त्यांनी स्वतः शिकून तीन महिने झालेत फक्त. माझं दुकान तेच, काम तेच. दुकानावर माळा आहे, तिथे मी पत्रे ठेवतो. तीस वर्षं मी त्या माळ्यावरून शेवटच्या चार पायऱ्या गाळून धप्पदिशी उडी मारून उतरत आलो. बायको ओरडायची, गुडघे जातील म्हणून. काल संध्याकाळी पत्रा काढायला वर गेलो होतो. उतरताना माझं मलाच कळलं नाही… तोंड भिंतीकडे, पाठ दुकानाकडे, दोन्ही हात शिडीला घट्ट, एकेक पायरी. अर्ध्यावर आलो आणि थांबलो. तिथेच शिडीला डोकं टेकून मोठ्यानं म्हणालो, सगळ्या आळीला ऐकू गेलं असेल, जाऊ दे गेलं तर. म्हणालो, "उस्मान्या, मेल्या, एकाला तरी उडी मारू द्यायची होतीस रे."